कासा बाटलोचा निळा चौक आणि आमचा डक्ट

बोरीकाठ, अमळनेर:
मुलगा बार्सिलोनात शिकतो. दिवाळीनंतर त्याच्याकडे गेले होते, तेव्हा तिथला प्रसिद्ध वास्तुकार गौदी याने घडवलेलं कासा बाटलो हे घर दोनदा पाहिलं. तिकीट महाग म्हणून तो दुसऱ्यांदा नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. लोक समोरच्या हाडांसारख्या खांबांचे, मुखवट्यासारख्या बाल्कन्यांचे फोटो काढतात. माझा जीव अडकला आतल्या उजेडाच्या चौकात. भिंतींना निळ्या टाइल्स, वर गर्द आणि खाली येता येता फिक्या होत गेलेल्या. खिडक्या वर लहान, खाली मोठ्या. खाली उभी राहून किती तरी वेळ नुसती वर बघत होते.

घर मुळात 1877 चं. मालक बाटलो कापडधंद्यातला, त्याला ते पाडायचं होतं. गौदीने 1904 ते 1906 मध्ये न पाडता असं केलं!

माझं माहेर पारोळ्याकडचं, धाब्याचं घर. छतातल्या झरोक्यातून चुलीपाशी कवडसा पडायचा, आई त्यावरून वेळ सांगायची. आता अमळनेरला बांधतोय, दोन्हीकडे शेजाऱ्याच्या भिंती, मध्ये पाच बाय आठ फुटांचा डक्ट, म्हणजे उजेड-हवेसाठी वरपर्यंत मोकळी सोडलेली जागा. ठेकेदार म्हणतो पांढरा रंग मारा, तिथे कोण बघतं? मला तिथे तो निळा हवाय. जमेल का?

नकाशावाला, जळगाव:
ताई, नक्की करा. तो निळा हिशेबाने उतरवलाय. वर ऊन थेट येतं, तिथे गडद रंग झळाळी कमी करतो. खाली फिका रंग उरलासुरला उजेड खोलीत ढकलतो. खिडक्यांखाली हवेसाठी लाकडी फटी आहेत, त्या पाहिल्या का? फक्त त्यांच्यासारखं वरून काचेनं झाकू नका, आपल्या मे महिन्यात भट्टी होईल. झाकायचंच तर बाजूंनी हातभर मोकळं सोडा, गरम हवा निघून जाईल.

भुसावळचा मिस्तरी:
चार शेड पुरे. चकचकीत टाइल घ्या, मॅट नको, आपली धूळ तिच्यावर बसते ती निघत नाही. आधी सगळ्या गच्चीवर ओळीने मांडून बघा, मगच भिंतीला लावा. आणि ड्रेनेजचे पाइप एका कोपऱ्यात घ्यायला आजच सांगा. ते मधून गेले तर निळा दिसणारच नाही.

बोरीकाठ:
दादा, फोटो मोठा करून पाहिला, फटी आहेत! पाइपांचं आत्ताच फोनवर सांगितलं. स्वयंपाकघराची खिडकी तीन फुटांची होती, ती पाच फुटांची करायला लावलीय.