पिंजऱ्यातल्या लेयर (अंड्यांसाठी पाळलेल्या) कोंबड्या घरी आणल्या, पण खुराड्यातून बाहेरच निघंनात

औसेकर:
इकडं एका लेयर फार्मची जुनी बॅच कटाईला चालली होती, त्यातल्या चार-सहा आणल्या. मान-पाठ उघडी पडलीय, नखं वाढलेत, दार उघडं ठेवलं तरी कोपऱ्यात दाटी करून बसायल्यात. ज्वारी टाकली तर खाईनात. गावरानसोबत सोडू का लगेच?

बांधावरचा:
लगेच नका सोडू. दोन-तीन आठवडे वेगळ्याच ठेवा, एकतर रोगराई आन दुसरं म्हणजे गावरान कोंबड्या टोचून टोचून जीव नकोसा करतेत. ज्वारी त्यांनी कधी बघितलीच नाही, आन चोच कापलेली असती मनून फरशीवरचा दाणा उचलता येत नाही. लेयर मॅशच (अंड्यावरच्या कोंबड्यांचं दळलेलं खाद्य) द्या, खोलगट भांड्यात, मग हळूहळू भरडा मिसळा. शिंपल्याचा चुरा वेगळा ठेवा. रोज अंडी देऊन देऊन हाडातलं कॅल्शियम गेलेलं असतंय, वरून उडी मारली की पाय मोडला समजा, मनून बसायची दांडी एकदम खाली लावा. आन पायाला धरून उलटं उचलू नका राव.

परभणीची ताई:
भाऊ, पिसं येतेत काही महिन्यात, घाबरू नका. पण मे महिन्यात ४२-४३ ला ह्या धापा टाकतेत, पत्र्यावर ओली पोती टाका, दुपारी पाणी बदला. रानीखेत रोगाच्या लसीचं मात्र सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

औसेकर:
अंडी देतील का पण?

बांधावरचा:
देतील, कमी. हिशोब करायचा असंल तर आणायच्याच नव्हत्या 😄 मुंगसाचा बंदोबस्त बघा आधी.