ग्लॉक १९ ला परवडणारा पर्याय घेताना काटकसर नेमकी कुठे चालते?

पहिली_माशी यांचा प्रश्न

नमस्कार. गेले आठ महिने मी नेमबाजीच्या क्लबच्या पिस्तुलांवर सराव करत आहे आणि आता स्वतःचे पहिले पिस्तूल घ्यायचे ठरवले आहे. परवाना हातात आला आहे आणि ९×१९ मिलिमीटरच्या गोळीची मुभाही त्यात आहे, तेव्हा तो प्रश्न उरलेला नाही. क्लबमध्ये माझ्या वाट्याला बहुतेक वेळा ग्लॉक १९ आले आणि त्यावरच माझा हात बसला. पण नव्या ग्लॉकची किंमत माझ्या ऐपतीच्या थोडी पलीकडे जाते, आणि ओढाताण करून ती जमवलीच तर गोळ्यांसाठी हाती काही उरत नाही.

म्हणून टॉरस जी३, कॅनिक टीपी९एसएफ, रुगर सिक्युरिटी-९ आणि पामेटो स्टेट आर्मरीचे डॅगर अशी चार नावे काढून ठेवली आहेत. चारही ९ मिलिमीटरची, चारही पॉलिमर फ्रेमची, १५ ते १८ गोळ्यांचे मॅगझिन, नळी ४ इंचांच्या आसपास. कागदावर पाहिले तर ग्लॉकमध्ये आणि यांच्यात फरक शोधावा लागतो, मग किमतीत एवढी तफावत कशामुळे पडते? कुठेतरी हात आखडता घेतलाच असणार. तो कुठे घेतला आहे आणि त्याची झळ मला बसेल की नाही, हे अनुभवी सभासदांकडून समजून घ्यायचे आहे. वापर फक्त लक्ष्यावरच्या सरावासाठी, १० ते २५ मीटर अंतरावरून, आठवड्याला साधारण १०० गोळ्या. माझा हात लहान आहे, हेही सांगून ठेवतो.

रिकामी_पुंगळी यांचे उत्तर

आपण आठवड्याला १०० गोळ्या म्हणता, म्हणजे वर्षाला ५,००० च्या पुढे. या हिशेबाने पिस्तुलांच्या किमतीतला फरक काही महिन्यांच्या गोळ्यांतच मागे पडतो. त्यामुळे सर्वांत स्वस्त कोणते, यापेक्षा एवढ्या गोळ्या कुरकुर न करता कोणते झाडेल आणि त्यातला एखादा भाग झिजला तर तो कुठे मिळेल, हा विचार आधी करावा, असे माझे मत आहे.

आता किमतीबद्दल. ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक १७ हे १९८२ मध्ये स्वीकारले आणि त्याचे आखूड भावंड ग्लॉक १९ हे १९८८ मध्ये आले. पॉलिमर फ्रेमचे ते पहिले पिस्तूल नव्हे, तो मान १९७० च्या हेकलर अँड कोख व्हीपी७० कडे जातो. परंतु जेमतेम ३५ भागांत उभी राहिलेली, हॅमर (ठोका देणारी हातोडी) नसलेली आणि ट्रिगरच्या प्रत्येक ओढीला साधारण सारखाच दाब मागणारी रचना ग्लॉकनेच रुळवली. या रचनेशी फार जवळीक केली म्हणून स्मिथ अँड वेसनच्या सिग्मा या पिस्तुलावर १९९४ मध्ये पेटंटचा दावा झाला आणि तो १९९७ मध्ये तडजोडीने मिटला. पुढे त्या पेटंटांची मुदत संपली. आज तिसऱ्या पिढीच्या (म्हणजे तिसऱ्या सुधारित आवृत्तीच्या) ग्लॉकची रचना ज्याला हवी त्याला बनवता येते, डॅगर हे त्याचेच फळ आहे. म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या तफावतीचा एक मोठा भाग दर्जातल्या कपातीचा नाहीच. संशोधनाचा खर्च दुसऱ्याने आधीच केलेला आहे, आणि टॉरस व कॅनिक यांच्या बाबतीत कारखाने ब्राझील आणि तुर्कस्तानात आहेत, तिथली मजुरी कमी आहे.

दुसरा भाग दिसणारी कपात. पेटीत मॅगझिन कमी मिळतात, स्लाइडच्या (नळीवर मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या) आतल्या बाजूला यंत्राच्या खुणा राहतात, कडा नीट मोडलेल्या नसतात. याने नेमात काही फरक पडत नाही. शिवाय या बाबतीत ग्लॉकही फार उदार नाही, कारण त्याच्यासोबत येणारी, नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच साध्या प्लास्टिकची असतात आणि बरेच जण ती पहिल्या वर्षातच बदलतात.

तिसरा भाग न दिसणाऱ्या कपातीचा, आणि खरे लक्ष तिथे द्यायला हवे. मॅगझिनची स्प्रिंग आणि त्याच्या वरच्या दोन वळलेल्या कडा, पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची नखी, स्लाइडला पुन्हा पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग. पिस्तूल अडकते ते बहुतेक वेळा यांतल्याच कशामुळे तरी. यादीतल्या चारही पिस्तुलांत हे भाग मुळातच वाईट असतात असे मी म्हणणार नाही. पण ग्लॉकचा हा प्रत्येक भाग अनेक उत्पादकांकडून मिळतो, तर स्वतंत्र रचनेच्या पिस्तुलांसाठी बहुधा मूळ कंपनीवरच विसंबावे लागते.

केवळ महाग आहे म्हणून निर्दोष, हे समीकरणही मनातून काढून टाकावे. ग्लॉकने चौथ्या पिढीच्या रिकॉइल स्प्रिंगा २०११ मध्ये स्वतःहून बदलून दिल्या होत्या, आणि अमेरिकी सैन्याने ज्याची आवृत्ती निवडली त्या सिग सावरच्या पी३२० साठीही, ते खाली पडल्यावर गोळी सुटू शकते हे समोर आल्यानंतर, २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुधारणा जाहीर करावी लागली.

संथ_ट्रिगर यांचे उत्तर

माझ्याकडे कॅनिक टीपी९एसएफ चार वर्षे आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच बोलतो. याची मूळ रचना वाल्थर पी९९ ची, ग्लॉकची नव्हे, आणि तो फरक पहिल्या गोळीलाच बोटाला कळतो. ग्लॉकमध्ये स्ट्रायकर (गोळीच्या बुडावर आदळणारी स्प्रिंगवरची दांडी) अर्धवट ताणलेला असतो आणि उरलेला ताण आपले बोट देते. त्यामुळे ट्रिगर शेवटपर्यंत थोडा लवचिक, रबरासारखा लागतो. टीपी९एसएफ मध्ये स्लाइड ओढताच स्ट्रायकर पूर्ण ताणला जातो. बोट टेकवले की ट्रिगर आधी सैल मागे येतो, मग एका जागी अडतो, आणि तिथे दाब किंचित वाढवला की काचेची काडी मोडावी तसा सुटतो. पुढे सोडताना बारीकशी ‘टक’ जाणवते, तिथून पुन्हा ओढता येतो. २५ मीटरवर माझ्या गोळ्या एकमेकींच्या जवळ बसू लागल्या त्या या ट्रिगरमुळे, यात मला शंका नाही.

परंतु याच गुणाची दुसरी बाजू अशी की हलक्या ट्रिगरला बोटाची शिस्त अधिक लागते. माशी लक्ष्यावर येईपर्यंत बोट फ्रेमला समांतर, ट्रिगरच्या कड्याबाहेर. ही सवय आपल्याला क्लबने लावलीच असेल.

मॅगझिनबाबत मला कधी तक्रार करावी लागली नाही. माझ्या पिस्तुलासोबत आलेली १८ गोळ्यांची मॅगझिन इटलीतल्या मेक-गार या कंपनीची आहेत, आणि ही कंपनी अनेक नामांकित पिस्तुलांना मॅगझिन पुरवते. आपला हात लहान आहे, त्या दृष्टीने मुठीची पाठ बदलता येते ही सोय उपयोगी पडेल. तिसऱ्या पिढीच्या ग्लॉकमध्ये आणि म्हणून डॅगरमध्येही ती सोय नाही. उणीव सांगायची तर पिस्तूल ग्लॉक १९ पेक्षा जड आणि लांब आहे, आणि होल्स्टर निवडायला ग्लॉकइतका वाव मिळत नाही. लक्ष्यावरच्या सरावात वजन उलट सोयीचेच ठरते, कारण झटका सौम्य लागतो.

तिसरी_ओळ यांचे उत्तर

मी आपल्यासारखाच हिशेब करून पाच वर्षांपूर्वी एक स्वस्त पिस्तूल घेतले होते. कंपनीचे नाव घेत नाही, कारण त्याच पिस्तुलाने समाधानी असलेले लोकही मला माहीत आहेत. पहिल्या दोन महिन्यांत दर ४०-५० गोळ्यांमागे एकदा ते अडकायचे. स्लाइड अर्धवट पुढे येऊन थांबायची आणि आत पाहिले की वरच्या गोळीचे नाक चेंबरच्या (नळीत गोळी बसते त्या जागेच्या) तोंडाशी वर न उचलले जाता खाली रुतून बसलेले असायचे. क्लबमधल्या दोघांनी माझी पकड सैल आहे असे निदान केले, आणि मी महिनाभर मनगट आवळून स्वतःलाच दोष देत राहिलो.

शेवटी एका वयस्क सभासदांनी मला मॅगझिनच्या तळाला १, २, ३ असे आकडे नेलपॉलिशने रंगवायला सांगितले आणि प्रत्येक अडथळ्याची नोंद वहीत ठेवायला लावली. तीन आठवड्यांच्या नोंदींत ११ अडथळे होते, आणि ११ च्या ११ दुसऱ्या क्रमांकाच्या मॅगझिनचे. ते पहिल्याशेजारी उजेडात धरले तेव्हा त्याची एक वरची कडा नखाच्या जाडीहूनही कमी, पण स्पष्ट बाहेर झुकलेली दिसली. ते मॅगझिन मी फेकून दिले. नवे मिळायला चार महिने लागले, कारण त्या पिस्तुलाचे मॅगझिन मूळ कंपनीशिवाय कोणीच बनवत नव्हते, आणि तेवढा काळ मी दोन मॅगझिनांवर काढला. पिस्तूल आजही माझ्याकडे आहे आणि ते उत्तम चालते. तरी पहिल्या दिवशी मला कोणी सांगितले असते की पिस्तुलाआधी त्याच्या मॅगझिनची चौकशी कर, तर तो स्वतःला दोष देण्यात गेलेला महिना वाचला असता, हे अजूनही मनाला लागते.

काळा_ठिपका यांचे उत्तर

वापरलेल्या ग्लॉकचा विचार यादीत का नाही? पोलीस दलांनी बदलून टाकलेली पिस्तुले अनेकदा बाहेरून होल्स्टरमध्ये घासून पांढरी पडलेली असतात, पण ती वर्षानुवर्षे कमरेलाच राहिलेली असल्याने आतून फारशी झिजलेली नसतात. घेताना एक चाचणी जरूर करावी. मॅगझिन काढून, चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला वर ४५ अंशांवर धरावी, ट्रिगर मागे दाबून ठेवावा, स्लाइड ओढून हातानेच सावकाश पुढे सोडावी. ती पूर्ण बंद न होता मध्येच थांबली तर रिकॉइल स्प्रिंग थकलेली आहे. ती बदलणे फार खर्चाचे नाही. त्यावर रात्री चमकणारी ट्रिटियमची माशी असेल तर तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, कारण ट्रिटियमचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षांचा असतो आणि जुन्या पिस्तुलावर ती बहुधा मंदावलेली असते.

पहिली_माशी

सर्वांचे मनापासून आभार. वहीत नोंद ठेवण्याची पद्धत मी क्लबच्या पिस्तुलावरच सुरू करणार आहे. टॉरसबद्दल कोणी लिहिले नाही, त्यावर दोन ओळी वाचायला आवडतील. आणि डॅगरमध्ये खरोखरच ग्लॉकचे सगळे भाग बसतात का? तसे असेल तर मॅगझिनची अडचण मुळातच संपते, असे वाटते.

रिकामी_पुंगळी यांचे उत्तर

सगळे नाही, पण महत्त्वाचे बहुतेक बसतात. डॅगरचा आधार तिसऱ्या पिढीचे ग्लॉक १९ आहे, त्यामुळे भाग मागवताना पिढी पाहूनच मागवावा. पाचव्या पिढीचे आतले अनेक भाग त्यात बसणार नाहीत. मॅगझिन मात्र ग्लॉक १९ चेच लागते आणि ग्लॉक १७ चे १७ गोळ्यांचे मॅगझिनही चालते, फक्त ते मुठीखाली थोडे बाहेर राहते. याच वाटेने रुगरनेही मॅगपुल या कंपनीसोबत आरएक्सएम नावाचे पिस्तूल २०२४ च्या अखेरीस आणले. तेही तिसऱ्या पिढीच्या भागांशी जुळते, तेव्हा आपल्या यादीतल्या सिक्युरिटी-९ शेजारी त्याचेही नाव लिहून ठेवावे. सिक्युरिटी-९ हे मुळात वेगळे पिस्तूल आहे. त्यात स्ट्रायकर नसून आत लपवलेला हॅमर आहे, स्लाइड ओढायला हलकी जाते आणि ज्यांच्या बोटांत फार जोर नाही त्यांना ते विशेष सोयीचे पडते.

टॉरस जी३ चा वेगळेपणा असा की गोळी उडाली नाही तर स्लाइड न ओढता ट्रिगर पुन्हा दाबून दुसरा ठोका देता येतो. सरावात मला याचे फारसे अप्रूप नाही. न उडालेली गोळी पुन्हा ठोकण्यापेक्षा नळी लक्ष्याकडे ठेवून अर्धा मिनिट थांबावे आणि मग ती काढून बाजूला ठेवावी, कारण एखादी गोळी उशिरा पेटते. त्याचा ट्रिगर बराच लांब ओढावा लागतो. आपल्या लहान हाताला बोटाचे पेर त्यावर नीट टेकते का, हे दुकानात हातात घेऊनच पाहावे.

गोळ्यांचा खर्च वाचवण्यासाठी आपण पुढे साध्या शिशाच्या गोळ्यांकडे वळणार असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या पिढ्यांच्या ग्लॉकच्या नळीत गोळीला फिरकी देणारे आटे बहुकोनी असतात आणि तांब्याचे आवरण नसलेल्या शिशाच्या गोळ्या त्यातून झाडू नयेत असे कंपनीच सांगते. डॅगरच्या नळीत नेहमीचे कोरीव आटे आहेत, तिथे ही आडकाठी नाही. आणि ग्लॉक, डॅगर, टीपी९एसएफ या तिन्ही पिस्तुलांत सफाईसाठी स्लाइड उतरवण्यापूर्वी ट्रिगर दाबावा लागतो. मॅगझिन आधी काढायचे, चेंबर नंतर पाहायचे, हा क्रम उलटला की चेंबरमध्ये नवी गोळी चढते, आणि अशाच वेळी घराच्या भिंतीत गोळ्या गेलेल्या आहेत.

आपल्या जागी मी डॅगर आणि कॅनिक ही दोन्ही उसनी मागून प्रत्येकावर १०० गोळ्या झाडून पाहिल्या असत्या. जे घ्याल त्याच्यासोबत दोन मॅगझिन अधिकची घ्या, पहिल्या ३०० गोळ्या नोंदवहीत मांडा, आणि ते पान इथे टाका. अडथळा पुंगळी बाहेर न पडण्याचा आहे की गोळी आत न जाण्याचा, एवढे लिहिलेत तरी कारण शोधता येईल.