डेकवरचा जुना स्टेन काढताना: तुमचे अनुभव सांगा

न्यू जर्सीतल्या आमच्या डेकवर (घराला लागून असलेला लाकडी फळ्यांचा ओटा) आधीच्या मालकाने चॉकलेटी सॉलिड स्टेन, म्हणजे लाकूड पूर्ण झाकणारा रंग, फासला होता. तीन हिवाळे त्याचे पापुद्रे बघितले आणि मेमोरियल डेच्या सुट्टीत हात घातला. शनिवारी काढू, रविवारी नवा लावू असा बेत. चार वीकएंड गेले! पहिल्या दिवशी स्ट्रिपर, म्हणजे जुना थर सोडवणारं रसायन (सोडियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे आपला कॉस्टिक सोडाच) दुपारी दोनच्या उन्हात ओतला. पाच मिनिटांत वाळला, स्टेन जागचा हलला नाही. मग सकाळी सातला, चार-चार फळ्या घेऊन, वर पाणी फवारत वीस मिनिटं ओला ठेवला. ब्रश मारल्यावर नाचणीच्या सत्त्वासारखा लगदा सुटला. खाचांतला राहिलाच, तो आता सँडरने काढणार आहे. तुमचंही लिहा, फसलेलं आधी.

---

फसलेलं माझं घ्या. ३००० पीएसआय दाबाने पाणी मारणारा प्रेशर वॉशर भाड्याने आणला आणि त्याला लाल, म्हणजे झिरो डिग्रीचं नोझल लावलं. स्टेन गेला, त्यासोबत सीडरचं लाकूडही गेलं. मऊ भाग खरवडला जाऊन फळ्यांवर कडक रेषा तेवढ्या उभ्या राहिल्या, अनवाणी चालायची सोय नाही. सगळा सप्टेंबर ६० नंबरचा सँडपेपर घासण्यात गेला. आता पांढरं ४० डिग्रीचं नोझल, दाब १२०० च्या आत आणि फूटभर अंतर.

---

धागाकर्ते, सँडर लावायच्या आधी एक सांगा, डेक कधीचा? इथे २००३ च्या अखेरीपर्यंत घरगुती डेकसाठी आर्सेनिकवालं ट्रीटेड लाकूड सर्रास मिळायचं. आमचा १९९६ चा निघाला, म्हणून सँडर तसाच परत केला. त्याची धूळ पोरांच्या हातापायांना नको.

---

२०११ चा आहे, सुटलो. तरी मास्क लावतोच.

---

स्ट्रिपर धुतल्यावर आमचं सीडर काळंठिक्कर पडलं. नवरा म्हणाला, "जाळलंस की गं!" अल्कलीने लाकडातलं टॅनिन काळवंडतं. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा ब्राइटनर मारला, पंधरा मिनिटांत मधासारखा रंग परत आला. हायड्रेंजियाची मात्र दोन झुडपं गेली. आधी झाडं पाण्याने भिजवून वर प्लास्टिक टाकायला हवं होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या दाराची चौकटही झाका, कॉस्टिक तिला खातं.

---

थोडं अवांतर. राजापूरकडच्या घराच्या सागवानी दारावर ऑइलपेंटचे किती थर होते देव जाणे. सुतारकाकांनी कॉस्टिकला हात लावू दिला नाही. फुटक्या काचेच्या तुकड्याने आठ दिवस दार खरवडत बसले. मी चहा देत होतो, एवढंच माझं योगदान.

---

धुऊन दोन दिवस झाले. फळीवर पाण्याचा थेंब टाकला तर लगेच मुरतोय, पण मधल्या फळ्या अजून गार लागतात. नवा स्टेन उद्या लावणार होतो, आणि आत्ता ढग आलेत.