मदत हवी आहे: ग्लासाखालची मेणबत्ती विझल्यावर पाणी का चढतं?

सुट्टी लागल्यापासून रोज दुपारी मजल्यावरची पाच मुलं आमच्याकडे असतात. वयं ६ ते ११. उन्हात खाली सोडवत नाही, म्हणून घरात असलेल्या वस्तूंचे प्रयोग सुरू केले. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की ते लालभडक होतं आणि वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. (चुना मीच हाताळते, डोळ्यांत गेला तर फार वाईट.) पूर्वी कुंकू हळदीचंच करायचे असं सांगितलं, तर धाकटीने लगेच देवघरातलं कुंकू आणून त्यावर लिंबू पिळलं. विकतचं कुंकू, काही झालं नाही. पण तिला पडताळून पाहावंसं वाटलं याचा मला केवढा आनंद झाला!

काल मात्र मी अडकले. ताटलीत मेणबत्ती, भोवती पाणी, वर काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की ज्योत प्राणवायू संपवते, हवेत तो सुमारे २१ टक्के असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढतं. मी तेच सांगितलं. त्यावर चौथीतला एक जण म्हणाला, “काकू, जळत होती तेव्हा पाणी फारसं हललंच नाही. विझल्यावर एकदम वर गेलं.” मग त्यांनीच तीन मेणबत्त्या लावायला लावल्या. ग्लास तोच, पण पाणी आधीपेक्षा बरंच जास्त चढलं. “प्राणवायू तर तेवढाच होता ना?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन मेणबत्त्यांच्या वेळी ग्लासाच्या कडेखालून बुडबुडे येताना दिसले होते, त्याचा काही संबंध आहे का? मी शिकले ते चुकीचंच होतं का? आणि मुलांना नुसतं सांगण्याऐवजी करून दाखवता येईल असं काही आहे का? शक्यतो आग नको, सहा वर्षांची दोघं आहेत.

प्रतिसाद:

बुडबुड्यांतच उत्तर आहे. ज्योतीने हवा तापते, प्रसरण पावते आणि थोडी कडेखालून बाहेर पडते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मेणबत्त्या तीन असल्या की हवा जास्त तापते, जास्त बाहेर जाते. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा आत बराच प्राणवायू शिल्लक असतो आणि जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतच असतो. मुलांनी बरोबर पकडलंय.

आगीविना दाखवायचं तर ग्लास गिझरच्या गरम पाण्याने विसळा, पाणी ओतून टाका आणि लगेच ताटलीतल्या गार पाण्यात उपडा घाला. मेणबत्ती नसतानाही पाणी हळूहळू आत शिरेल. उकळतं पाणी नको, काच तडकते.

आणि तो एक पंचमांश खरा पाहायचा असेल तर गंज वापरा. रंगाच्या दुकानात मिळणारं बारीक स्टील वूल व्हिनेगरमध्ये बुडवून, झटकून ग्लासाच्या तळाशी घट्ट बसवा आणि ग्लास पाण्यात उपडा ठेवा. लोखंड गंजताना प्राणवायू खरोखर शोषून घेतं. एक-दोन दिवसांत पाणी साधारण पाचव्या भागापर्यंत चढतं. भांड्यांची स्टेनलेस घासणी घेऊ नका, ती गंजत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद:

मनापासून आभार! गरम ग्लासाचा प्रयोग आत्ताच केला, पाणी चढलं. त्या मुलाला आधी सांगितलं की तू बरोबर होतास, काकू चुकली होती. स्टील वूल आणलंय. ग्लासावर पाच सारखे भाग करून खुणांची पट्टी चिकटवली आहे आणि प्रत्येकाने आपापला अंदाज वहीत लिहून ठेवलाय. परवा फोटो टाकते.