बरोने अजून काय करायचं? क्वार्टरबॅक टीमला तारतो की टीम क्वार्टरबॅकला?

नऊनंबरी:

मंडळी, जानेवारीपासून हा प्रश्न डोक्यात घोळतोय, आता २०२५ चा सीझन तोंडावर आलाय तर विचारूनच टाकतो. मी अमेरिकेत सिनसिनाटीत राहतो, इथल्या बेंगल्सचा, म्हणजे NFL या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या टीमचा फॅन, आणि २०२४ चा सीझन मला अजून पचलेला नाही. आमचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू) जो बरोचे पासचे ४,९१८ यार्ड, ४३ टचडाऊन (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या एंड झोनमध्ये नेणं, ६ पॉइंट), दोन्हीत अख्ख्या लीगमध्ये पहिला. जमार चेस कॅच, यार्ड आणि टचडाऊन तिन्हीत रिसीव्हर (पास झेलणाऱ्या) लोकांत पहिला. डिफेन्समधला ट्रे हेंड्रिक्सन सॅकमध्ये (समोरच्या क्वार्टरबॅकला बॉल फेकायच्या आधीच पाडण्यात) पहिला. आणि एवढं सगळं असून आम्ही ९-८ (९ जिंकल्या, ८ हरल्या), प्लेऑफच्या, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांच्या बाहेर. हरलेले स्कोअर नुसते वाचा, रेव्हन्सकडून ४१-३८ आणि परत ३५-३४, कमांडर्सकडून ३८-३३, स्टीलर्सकडून ४४-३८. म्हणजे बरोने ताट वाढून द्यायचं आणि डिफेन्सने ते सांडायचं, वर्षभर हेच.

त्या ३५-३४ च्या मॅचचा शेवट तर डोळ्यांसमोरून जात नाही. शेवटचं मिनिट चालू होतं, बरोने चेसला टचडाऊन दिला, त्यानंतरच्या किकचा सोपा एक पॉइंट घेतला असता तर मॅच ओव्हरटाइमला गेली असती, पण आमचे कोच किक सोडून दोन पॉइंटच्या अवघड प्लेसाठी गेले आणि तो पास खाली पडला. बाकी सगळे कोचवर तुटून पडले, मी नाही. त्या रात्री आमचा डिफेन्स परत मैदानात उतरवायचा म्हटलं तर माझी पण छाती झाली नसती.

तर ऑफिसमधला माझा एक मित्र म्हणतो की खरा ग्रेट क्वार्टरबॅक कसंही करून जिंकून देतोच, प्लेऑफला नाही गेला म्हणजे तेवढा ग्रेट नाही, विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही पण टॉम ब्रेडी, पेटन मॅनिंग या दिग्गज क्वार्टरबॅकची नावं घेतली की मला उत्तर पण सुचत नाही. तुमच्या टीमचा अनुभव काय? नुसती रँकिंग नकोत, स्वतः बघितलेलं सांगा.

होनोलुलू_निळी:

तुमच्या मित्राला म्हणावं डेट्रॉइटला या आणि इथे आम्हा लायन्सच्या फॅनसमोर आमचा जुना क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डबद्दल हे बोलून दाखवा.

२००८ ला आम्ही ०-१६ होतो. त्यावर २००९ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिला पिक म्हणून हा पोरगा आला आणि पुढची १२ वर्षं आमच्यासाठी हाडं मोडून घेत राहिला. त्याच्या रुकी, म्हणजे पहिल्याच वर्षातली ब्राऊन्सची मॅच मी लायन्सच्या कुठल्याही मॅचपेक्षा जास्त वेळा बघितली असेल. शेवटच्या प्लेला खांदा निखळला, डॉक्टर लोक त्याला साइडलाइनवर धरून बसलेत, हा आडवा पडून कळवळतोय, आणि तेवढ्यात समोरच्यांनी टाइमआऊट घेतला म्हणून परत आत जायची मुभा मिळाली तर हा डॉक्टरांच्या हातातून सुटून मैदानात पळाला आणि एक यार्डावरून पेटिग्र्यूला टचडाऊन देऊन मॅच ३८-३७ काढली. डावा हात लोंबत होता हो त्याचा. अशा माणसाच्या नावावर आमच्याकडे प्लेऑफचे विजय किती? शून्य. बारा वर्षांत एक पण नाही. मग २०२१ ला रॅम्सकडे गेला आणि पहिल्याच वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल जिंकला (सॉरी, तुमच्याच टीमला हरवून). आता सांगा, त्या एका उन्हाळ्यात तो अचानक ग्रेट झाला का? बाजूला रिसीव्हर कूपर कप, समोरच्या क्वार्टरबॅकवर सोडायला अ‍ॅरन डोनाल्ड, आणि वर कोच शॉन मॅक्वे. एवढाच फरक होता.

आणि गोष्टीचा दुसरा भाग तर अजून भारी आहे. त्या ट्रेडमध्ये आम्हाला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ आला, सोबत ड्राफ्टचे दोन फर्स्ट राऊंड पिक आणि एक तिसऱ्या राऊंडचा. गॉफ म्हणजे रॅम्सना नकोसा झालेला माणूस, सगळे म्हणत होते की तो फक्त पिकांसोबत आलेलं ओझं आहे. त्याला ओ-लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) मिळाली, रिसीव्हर सेंट ब्राऊन मिळाला, आणि जानेवारी २०२४ ला प्लेऑफमध्ये आमच्या फोर्ड फील्डवर समोर कोण, तर स्टॅफर्डचे रॅम्स. मी होते तिथे. माझ्या शेजारी एक आजोबा होते, त्यांच्या अंगावर अजून स्टॅफर्डची ९ नंबरची जर्सी होती आणि तोंडाने मात्र अख्ख्या स्टेडियमबरोबर गॉफच्या नावाचा गजर. दोन मिनिटांच्या आत घड्याळ आलेलं, गॉफने सेंट ब्राऊनला ११ यार्डाचा पास दिला, फर्स्ट डाऊन, म्हणजे बॉल आमच्याकडेच राहिला, मॅच खिशात. २४-२३. ३२ वर्षांनी प्लेऑफ मॅच जिंकलो. आजोबा खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन रडायला लागले, मी पण.

म्हणून माझं मत पक्कं आहे, एका खांबावर मांडव उभा राहत नाही. खांब कितीही मजबूत असू दे.

नारिंगी_हेल्मेट:

ताई, तो टाइमआऊट आम्हीच घेतला होता. सोळा वर्षं झाली, अजून बोचतं.

क्लीव्हलंड ब्राऊन्सच्या फॅनने या विषयावर काय बोलावं, १९९९ ला टीम परत आली तेव्हापासून आमच्याकडे चाळीसच्या घरात स्टार्टिंग क्वार्टरबॅक होऊन गेलेत. आमच्याकडे टिकला नाही तो वाईटच होता असं मी पण वर्षानुवर्षं म्हणायचो. आमचा क्वार्टरबॅक बेकर मेफिल्डने माझं मत बदललं. २०१७ ला आम्ही ०-१६, २०१८ ला तो आला, २०२० ला ११-५ करून पिट्सबर्गमध्ये जाऊन स्टीलर्सना प्लेऑफमध्ये ४८-३७ ने हरवलं त्याने. पुढच्या वर्षी डावा खांदा फाटलेला असताना खेळत राहिला, साहजिकच खराब खेळला, आणि आम्ही काय केलं तर तीन फर्स्ट राऊंड पिक आणि २३ कोटी डॉलर, सगळेच्या सगळे गॅरंटीड, देऊन त्याच्या जागी डेशॉन वॉटसनला आणलं. वॉटसनचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे, मला लिहवत पण नाही.

बेकर इकडून पँथर्सकडे गेला, तिथून पण सुटला. रॅम्सनी उचलला तर दोन दिवसांत, प्लेबुक धड वाचलेलं नसताना, रेडर्सविरुद्ध शेवटी ९८ यार्डाचा ड्राइव्ह (सलग हल्ला) मारून १७-१६ जिंकून दिली. आणि पुढे टँपाला जाऊन २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी डिव्हिजन (टीमचा गट) जिंकला, २०२४ ला ४१ टचडाऊन. माणूस तोच आहे. रोप तेच, फक्त माती बदलली. आमच्या मातीत कुठलंच रोप धरत नाही आणि दर वेळी आम्ही रोपालाच शिव्या घालतो.

घोड्याची_नाल:

सगळे एका सुरात बोलताय म्हणून मुद्दाम उलटं लिहितो, आणि मनापासून लिहितोय. मी इंडियानापोलिसचा, कोल्ट्सचा फॅन. २०१० ला पेटन मॅनिंग होता, १०-६. २०११ ला मानेच्या ऑपरेशनमुळे तो एक पण मॅच खेळला नाही आणि आम्ही २-१४. कोच तोच, रिसीव्हर रेगी वेन तोच, डिफेन्सचे फ्रीनी-मॅथिस तेच, जवळपास सगळी टीम तीच. २०१२ ला अँड्र्यू लक आला, रुकी, लगेच ११-५. एक माणूस काढला आणि घर बसलं, दुसरा ठेवला आणि उभं राहिलं. आता याला काय म्हणायचं? क्वार्टरबॅक हा बाकी २१ जणांसारखाच एक असं कोणी म्हणत असेल तर त्याने ते वर्ष आमच्याबरोबर काढायला हवं होतं.

पण मीच पुढचं पण सांगतो कारण ते न सांगणं खोटेपणा होईल. त्याच मॅनिंगने २०१३ ला ब्रॉन्कोसकडून ५५ टचडाऊन दिले, रेकॉर्ड, आणि सुपर बोलमध्ये ४३-८ मार खाल्ला. दोन वर्षांनी हात पार गेलेला, सीझनमध्ये ९ टचडाऊन आणि १७ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास), आणि तेव्हा सुपर बोल जिंकला, कारण व्हॉन मिलर आणि त्याचा तो डिफेन्स. म्हणजे चांगला क्वार्टरबॅक तुम्हाला जानेवारीपर्यंत आणून सोडतो, त्याच्या पुढचं त्याच्या एकट्याच्या हातात नसतं असं मला वाटतं.

आणि लकचं काय केलं आम्ही. लाइन नव्हती, वर्षानुवर्षं तो मार खात राहिला, खांदा, बरगड्या, किडनी, पोटरी. ऑगस्ट २०१९ ला बेअर्सविरुद्ध प्रीसीझन (सीझनआधीची सराव) मॅच चालू असताना फोनवर बातमी आली की हा रिटायर होतोय, २९ व्या वर्षी. मॅच संपल्यावर तो साध्या टी-शर्टमध्ये आत जायला निघाला आणि लोकांनी बू केलं. मी केलं नाही, पण माझ्या पुढच्या रांगेतले ओरडत होते आणि मी त्यांना काही बोललो नाही, गप्प उभा राहिलो. त्या माणसाने आमच्यासाठी शरीर झिजवलं होतं. मला माझ्या त्या गप्प राहण्याची लाज अजून वाटते.

फिली_पूर्व:

थोडक्यात. फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल परत बघा. समोरच्या चीफ्सच्या महोम्ससारखा क्वार्टरबॅक आजच्या घडीला दुसरा नाही, हे मी फिलाडेल्फिया ईगल्सचा असून म्हणतो. आमच्या डिफेन्सने एकदा पण ब्लिट्झ केलं नाही (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडली नाहीत), फक्त पुढचे चार जण, आणि ६ सॅक. मागे सात जण रिसीव्हरना अडवायला, महोम्स बॉल टाकणार कुठे? ४०-२२, आणि तो स्कोअर पण शेवटी शेवटी बरा दिसायला लागला. २०२१ च्या सुपर बोलमध्ये टँपाने त्यांना ३१-९ हरवलं तेव्हा पण हेच, चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल (ओ-लाइनच्या दोन टोकांचे खेळाडू) बाहेर होते आणि हा बिचारा रात्रभर जीव घेऊन पळत होता.

आणि पैशाचा मुद्दा कोणीच काढला नाही अजून. २०२५ ची कॅप, म्हणजे टीमने खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा, २७ कोटी ९२ लाख डॉलर आहे. त्यात क्वार्टरबॅक आणि दोन रिसीव्हर यांनाच मोठा हिस्सा दिला तर डिफेन्सला उरणार काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. नऊनंबरी, हे तुमच्यासाठीच लिहितोय, मार्चमध्ये तुम्ही चेस आणि हिगिन्स या दोन रिसीव्हरना मोठे पैसे दिले, आणि हेंड्रिक्सन अजून कॉन्ट्रॅक्टसाठी भांडतोय.

नऊनंबरी:

सगळ्यांचं दोनदा वाचलं. लकचा किस्सा वाचून पोटात तुटलं, कारण बरोच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे. टायटन्सच्या प्लेऑफमध्ये ९ सॅक खाऊन त्याने १९-१६ जिंकून दिली होती, तेव्हा आम्ही नाचलो. नाचायला नको होतं, घाबरायला हवं होतं. पुढे रॅम्सविरुद्धच्या त्या सुपर बोलमध्ये ७ सॅक. तो शेवटचा फोर्थ डाऊन (चौथा, शेवटचा प्रयत्न) आठवतोय ना, फक्त एक यार्ड हवा होता, डोनाल्डने बरोला गरगर फिरवलं आणि त्याने पडता पडता बॉल भिरकावला. रिप्ले लावून बघा, त्याच प्लेला दुसरीकडे चेसला अडवणारा रॅम्सचा जेलन रॅम्झी घसरून पडलाय आणि चेस एकटा एंड झोनकडे पळत सुटलाय. अजून एक सेकंद मिळाला असता तर आमच्या शहरात आज ट्रॉफी असती. ती सेकंद बरोने द्यायची नसते, ती लाइनने द्यायची असते. मित्राला आता हाच प्ले दाखवणार आहे.

कॅपचं म्हणणं बरोबर आहे पण हिगिन्सला जाऊ द्यायला पण जीव होत नव्हता. बरोने स्वतः त्याच्यासाठी शब्द टाकला होता. २०२५ साठी नवीन डिफेन्स कोऑर्डिनेटर (डिफेन्सचा कोच) आलाय, अल गोल्डन, नोत्र दाम कॉलेजच्या टीमकडून. हेंड्रिक्सनचं एकदा मिटलं तर मी परत सगळे देव पाण्यात घालून बसायला तयार आहे.

नारिंगी_हेल्मेट:

पहिलीच मॅच तुमची आमच्याकडे आहे, क्लीव्हलंडला, ७ सप्टेंबर २०२५. आमच्याकडून क्वार्टरबॅक म्हणून कोण सुरू करणार ते अजून ठरायचंय, बहुतेक चाळिशीचा फ्लॅको. २०२३ ला घरी सोफ्यावर बसलेला तो माणूस डिसेंबरमध्ये मैदानात उतरून आम्हाला प्लेऑफला घेऊन गेला होता, त्यामुळे माझा त्याच्यावर जीव आहे. क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा आमचा मायल्स गॅरेट मात्र नक्की असेल. तुमच्या लाइनला सांगून ठेवा.

होनोलुलू_निळी:

टाइमआऊट जपून वापरा फक्त.