मदत हवी आहे: १३ वर्षांच्या लेकीच्या ओव्हरीत सिस्ट, थांबावं की पुण्याला न्यावं?

आम्ही सोलापूरचे. लेक आठवीत, पाळी येऊन वर्षही झालेलं नाही. गड्ड्याच्या जत्रेवरून आलो त्या रात्री तिच्या ओटीपोटात उजवीकडे दुखायला लागलं. वाटलं, भजी बाधली. दोन दिवस ओवा-हिंग झालं, मग सोनोग्राफी. 'ब्लॅडर भरलं नाही, अजून पाणी पी' म्हणत दोन तास बाकावर बसवलं; दुसरी बाटली संपवताना पोरगी रडकुंडीला आली.

रिपोर्ट: उजव्या ओव्हरीत ४.२ बाय ३.८ सेंमीची साधी सिस्ट, भिंत पातळ, आत नुसतं पाणी, घट्ट भाग नाही, रक्तपुरवठा ठीक.

पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्ट धड न बघता 'पीसीओडी' (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या लिहिल्या. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, काही नको, सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी. आता दुखणं थांबलंय. पण जाऊबाईंचं एकच, 'गाठ ती गाठ, काढून टाका, उद्या लग्नाचं बघायचंय.' सासूबाई म्हणतात, कुणाला सांगू नका. म्हणून इथं विचारतेय. हुतात्मा एक्सप्रेसनं पुणं गाठावं का? आणि खो-खो चालेल का?

प्रतिसाद १
ताई, दुसऱ्या मॅडमचं ऐका. पाळी नवीन असताना अशा पाण्याच्या सिस्ट होतात आणि बहुतेक दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. गोळ्यांनी असलेली सिस्ट लवकर जात नाही. एक सिस्ट म्हणजे पीसीओडीही नव्हे. किशोरवयात सोनोग्राफीवरून ते निदान करू नये, असं २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

मुख्य भीती ओव्हरीला पीळ पडण्याची. अचानक जोराची कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, सोलापुरातच सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. तेव्हा हुतात्माची वाट बघायची नाही. पीळ सोडवल्यावर काळीनिळी दिसणारी ओव्हरीसुद्धा बरेचदा सावरते, म्हणून 'वाचवता येईल का' हे आधी विचारा.

प्रतिसाद २
माझ्या भाचीच्या रिपोर्टमध्ये घट्ट भाग होता. कॅन्सरची शंका तपासायला एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या रक्ततपासण्या झाल्या, मग दुर्बिणीतून नुसती गाठ काढली, ओव्हरी ठेवली. डर्मॉइड, म्हणजे बहुतेकदा कॅन्सर नसलेली गाठ निघाली, आत चक्क केस! खो-खोचं मॅडमनाच विचारा, भाचीला ऑपरेशनपर्यंत उड्या बंद होत्या.

धागाकर्ती
आभार. गोळ्या सुरू केल्याच नव्हत्या, आता करत नाही. जाऊबाईंना पिळाचं वाचून दाखवलं, तर रात्री त्याच दोनदा उठून 'पोट दुखतंय का गं' विचारून गेल्या.