शब्दचर्चा: मॉडेल रेल्वेतलं पाणी – सुकतं की आळतं?

प्रश्न: दूधसागरचा रेल्वेपूल आणि धबधबा मॉडेल रेल्वेच्या एचओ प्रमाणात (१:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान) करतोय. सोबत मराठीत कृती लिहून ठेवायची आहे. पाणी दाखवायला पारदर्शक रेझिन (हार्डनर मिसळला की घट्ट होणारा द्रव) ओततो, ते ‘सुकतं’ म्हणायचं का? आणि पाण्याच्या निरनिराळ्या भागांना कोणते शब्द वापरू?

प्रतिसाद १: ‘सुकतं’ अजिबात नको. फेव्हिकॉल सुकतो, कारण त्यातलं पाणी उडून जातं. म्हणूनच तो आक्रसतो आणि जाड ओतला तर आतून दुधाळ राहतो. इपॉक्सी रेझिनचं तसं नाही. हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, तापतंही. त्याला ‘आळणे’ हे क्रियापद चपखल बसतं. रसा आळतो तसं. कृतीत हा फरक पाळाच. ‘सुकायला ठेवा’ वाचलं की माणूस पंखा लावतो, आणि पंख्याने रेझिन लवकर आळत नाही, वर धूळ मात्र येऊन चिकटते. झाकून ठेवायचं. एकदम जाड ओतलं तर जास्त तापून पिवळं पडतं, तडकतं. म्हणून पातळ थर, आधीचा आळल्यावर पुढचा.

प्रतिसाद २: भागांसाठी डोह, उथळ आणि खळाळ हे तीन शब्द पुरेत. धबधब्याखालच्या डोहाला कोकणात कोंडही म्हणतात. डोह खोल दिसतो तो तळाच्या रंगामुळे: मध्ये काळपट हिरवा, काठाकडे फिकट होत मातकट. वर दोन पातळ थर पुरतात. निळा रंग कृपया नको. सह्याद्रीतलं झाडीखालचं पाणी निळं दिसत नाही. खळाळाला रेझिन कामाचं नाही, कारण ते स्वतःहून सपाट होतं. तिथे अ‍ॅक्रिलिक ग्लॉस जेल (चकाकणारं, न ओघळणारं घट्ट जेल) ब्रशने टिपून टिपून उंचवटे काढायचे. दगडाच्या वरच्या अंगाला पाणी फुगतं, फेस खालच्या अंगाला येतो. पांढरा रंग तिथेच, तोही कोरड्या ब्रशने.

प्रतिसाद ३: ‘धार’ आणि ‘धबधबा’ वेगळे ठेवा. प्लास्टिकच्या कागदावर पारदर्शक सिलिकॉन ओढून, सोलून लावतो ती एकेक धार. पावसाळ्यातल्या दूधसागरात धारा सुट्या दिसत नाहीत, सगळा फेसच. तेव्हा धारांवर धारा चढवून वरून पांढरा द्यावा लागतो. उडणाऱ्या पाण्याला ‘तुषार’. त्यासाठी कापूस अगदी विरळ पिंजून. आणि उंचीचा विचार आधी करा: खरा धबधबा सुमारे ३१० मीटर, म्हणजे १:८७ ला साडेतीन मीटरच्या वर. पुलालगतचा टप्पाच घ्या.

प्रश्नकर्ता: ‘आळणे’ नक्की. पण रेझिन काठाच्या दगडांवर आपोआप वर सरकतं, त्याला काय म्हणू?

प्रतिसाद १: ‘चढणे’. भिंतीत ओल चढते तेच क्रियापद. चढलेली चकाकी नको असेल तर रेझिन पूर्ण आळल्यावर तेवढ्या पट्टीवर मॅट (बिनचकाकीच्या) वार्निशचा हात फिरवा. खळाळाच्या काठाला मात्र ती राहू द्या, तिथले दगड ओलेच असतात.